साडेएकवीसचा सौदा

आप्पासाहेबांनी ठरवलं होतं की आपला मोतीबिंदू अजून पिकलेला नाही. आणि ठरवायचा अधिकार त्यांचाच होता. चाळीस वर्षं मार्केट यार्डात आंब्याची आडत चालवलेल्या माणसाला, पिकणं म्हणजे काय हे दुसरं कोण सांगणार? (डॉक्टर सांगतील, असं तुम्ही म्हणाल. म्हणजे तुम्ही आप्पासाहेबांना ओळखत नाही.)

पुरावा तसा विरोधात जात होता. गेल्या महिन्यात त्यांनी विश्रांतवाडीच्या घरात फ्रिजला "उभा का? बस की!" असं आग्रहानं सांगितलं होतं. एका लग्नात शेजारच्या मांडवातल्या भलत्याच नवरदेवाला आहेर देऊन, पोटभर आशीर्वादही देऊन झाले होते. तरी आप्पांचं म्हणणं एकच, "पिकू तर द्या!"

शेवटी मुलगा विक्रम निर्वाणीचं बोलला. "आप्पा, अक्षय तृतीयेच्या आत डोळ्याचं उरका. नाहीतर या सीझनला गाळ्यात गादीवर मी बसतो. तुम्ही घरी आराम करा."

आराम हा शब्द आप्पांना शिवीसारखा लागला. त्यात त्यांच्या बायको मथुराबाई आतून म्हणाल्या, "बरं व्हईल बाई. मेथी निवडायला कुणीतरी पायजेच व्हतं."

दुसऱ्याच दिवशी आप्पा डोळ्यांच्या दवाखान्यात हजर झाले. डॉक्टर राजनंदिनी वयानं विक्रमहून लहान आणि जिभेनं मथुराबाईंहून तिखट होत्या. त्यांनी उजव्या डोळ्यात प्रकाश टाकला आणि म्हणाल्या, "चांगलाच पिकलाय. उशीर केलात."

"उशीर कसा? कच्चा उतरवायचा व्हय?"

"ती जुनी गोष्ट झाली. आता पिकायची वाट बघत नाहीत. पिकला की कडक होतो, मग फोडायला त्रास."

आप्पा समजुतीनं हसले. "म्याडम, पिकल्यावर मऊ व्हतं. तुमाला शिकवताना कुणाचं तरी चुकलंय."

"आंबा मऊ होतो. आंबा डोळ्यात नसतो. हनुवटी इथे टेकवा."

यंत्रानं डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढला. स्क्रीनवर रंगीबेरंगी थर उमटले. आप्पांनी अनुभवी आवाजात विचारलं, "आत साका न्हाई ना?" (वरून देखणा हापूस आतून पांढराफटक निघतो, त्या दोषाला साका म्हणतात. डॉक्टरांना माहीत नव्हतं, पण त्यांनी ते कबूल केलं नाही.)

"पडदा उत्तम आहे. लेझरनं बारीकसा छेद, आत अल्ट्रासाउंडनं चुरा, आणि घडी घातलेली लेन्स आत जाऊन उलगडणार. टाका नाही, इंजेक्शन नाही. बारा मिनिटं."

बारा मिनिटांत तर यार्डात चहासुद्धा येत नाही, असं आप्पांना वाटलं.

ऑपरेशनच्या दिवशी डोळ्यात बधिर करायचे थेंब पडले आणि अंगावर हिरवं कापड आलं. रतन सिस्टरनं कापडाखालून त्यांचा हात धरला. "आजोबा, बोलायचं नाही, मान हलवायची नाही. काही त्रास झाला तर माझी बोटं दाबायची."

इथे एक सांगायला हवं. पूर्वी यार्डात भाव तोंडानं बोलत नसत. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालत आणि बोटं दाबून सौदा करत. ती पद्धत बंद झाली. पण आप्पांच्या बोटांना ते कुणी कळवलंच नव्हतं.

त्यात डॉक्टर म्हणाल्या, "साडेएकवीस द्या."

तो लेन्सचा नंबर होता. पण वर कापड, खाली हात आणि कानावर आकडा! आप्पांनी झटकन दोन बोटं दाबली. वीस.

"डॉक्टर, आजोबांना दुखतंय."

"आणखी थेंब टाका."

रतन सिस्टरनं धीर द्यायला त्यांचा सगळा पंजाच दाबला. आप्पा हबकले. विसावर पाच, म्हणजे पंचवीस? बया भाव चढवतीय! त्यांनी पुन्हा दोन बोटं करकचून दाबली.

"डॉक्टर, फारच दुखतंय हो त्यांना!"

"आप्पासाहेब, काय होतंय? बोलू नका!" (मग कळवायचं कसं, हा डॉक्टरांचा प्रश्न नव्हता.)

असं चाललं ते पस्तीस मिनिटं. शेवटी आप्पांनी मन मोठं करून एक बोट वाढवलं, वर अर्धं बोट दिलं, आणि साडेएकवीसला सौदा पक्का केला. बाहेर येऊन त्यांनी मथुराबाईंना सांगितलं, "बाई लई पक्की हाय. तसूभर खाली आली न्हाई."

रतन सिस्टर तेव्हा आत बोटं गरम पाण्यात बुडवून बसली होती.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरांनी भरल्या खोलीत तीन बोटं वर केली. "किती?"

आप्पा दचकले. असा उघड्यावर भाव दाखवतात? त्यांनी खिशातला रुमाल काढून डॉक्टरांच्या हातावर टाकला, आत हात घातला आणि हळूच तीन बोटं दाबली.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "दिसत नाहीये. चाचपून मोजतायत."

मथुराबाईंनी "अगं आई गं!" म्हणून पदर डोळ्याला लावला. पुन्हा यंत्र, पुन्हा फोटो. थर जिथल्या तिथे. विक्रम कोपऱ्यात जाऊन फोनवर हळूच म्हणाला, "हो, परवापासून गादीवर मीच."

तेवढं मात्र आप्पांनी ऐकलं. ते ताडकन उभे राहिले. "तीन बोटं हायत! अंगठी पुखराजाची हाय, नखाचा रंग उडालाय! पर म्याडम, चारचौघांत बोटं दाखवायची असतात व्हय?"

डॉक्टरांनी हात पाठीमागे लपवला. "नजर शंभर टक्के," त्या म्हणाल्या. "डाव्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात करू. तेव्हा हात बांधूनच घेऊ."

अक्षय तृतीयेला पहाटे आप्पा गादीवर बसले. इतका आनंद त्यांना लग्नातही झाला नव्हता. पहिली पेटी उघडली आणि ते कडाडले, "हा काय हिरवागार माल आणलाय? परत पाठवा!"

"आप्पा," विक्रम म्हणाला, "माल नेहमीचाच आहे. चार वर्षं तुम्ही यालाच तयार म्हणून पास करताय."

आप्पांनी नवा डोळा हातानं झाकला. जुन्या डोळ्याला पेटी केशरी दिसली, नुसतं सोनं. जुना झाकला, तर हिरवी कैरी. पुन्हा सोनं. पुन्हा कैरी. पिवळट काचेतून बघावं तसा तो मोतीबिंदू त्यांना चार वर्षं प्रत्येक आंबा पिकवून देत होता! दर सीझनला गिऱ्हाइकं रस आंबट निघाला म्हणून सांगत आली, आणि आप्पा त्यांना पुणेकरांची जीभच आंबट म्हणून हाकलत होते.

शरमेनं त्यांचे कान तापले. पण गादी ती गादी. त्यांनी नव्या डोळ्यानं दुपारपर्यंत साठ पेट्या नापास केल्या. विक्रमनं स्वतः त्यांच्यासाठी चहा आणला.

चहा संपतो न संपतो तोच तीस वर्षं त्यांच्याकडे माल टाकणारे बागवाले नागोराव आले. मागे आणखी वीसेक बागवाले, सगळ्यांच्या हातात परत आलेल्या पेट्या.

"आप्पा, तुमच्यासारखी पारखी नजर सगळ्या यार्डात न्हवती," नागोराव गहिवरून म्हणाले. "आमी वर्गणी काढतो. तेवढं डॉक्टरीणबाईंना इचारा, ह्ये आपरेशन माघारी घेता येतंय का?"