परबकाकांच्या डोळ्यातले तीन गडी

मुलुंडला परबकाकांच्या मॅचिंग सेंटरमध्ये साडी घेऊन गेलात, की ते आधी तुम्हाला दुकानाबाहेर काढतात. साडीसकट! भर उन्हात, फुटपाथवरच्या भाजीवालीशेजारी उभं करतात आणि पदर आभाळाकडे धरून बघत बसतात. "ट्यूबलाइट खोटा बोलता," हे त्यांचं कायमचं म्हणणं.

एकदा मी वैतागले. "काका, अहो परकर घ्यायचाय, सोनं नाही!"

"सोन्याक कसोटी आसा. परकराक कोण आसा? मीच मा?"

दुकानात भिंतीवर एक करडं फडकं टांगलंय. एक साडी बघून झाली की दुसरी उघडण्याआधी गिऱ्हाइकाने मुकाट्याने त्या फडक्याकडे बघायचं. "डोळे धुवून घे आधी," म्हणतात. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला झालाय. तर त्यांनी मला राणी रंगाच्या ब्लाउजपीसकडे टक लावून बघायला सांगितलं आणि मग पांढऱ्या भिंतीकडे. अगं आई गं! भिंतीवर चक्क हिरवट चौकोन तरंगायला लागला.

काका खूश. "डोळ्यात तीन गडी आसत. एक लाल बघता, एक हिरवो, एक निळो. तिघांचा ऐकान मेंदू रंग ठरवता. राणी बघून लाल नि निळो दमले. आता हिरवो एकटोच बोंबलता."

तेव्हापासून मी घरी कुकरची शिट्टी होईपर्यंत भिंतीवर रंग तरंगवत बसते. नवरा म्हणतो, आता तुझाही स्क्रू गेला.

सुमन ही काकांची एकुलती एक मुलगी, माझी शाळेपासूनची मैत्रीण. लग्न होऊन नाहूरला गेली, तरी रोज दुकानात यायची. चिंतामणी, आमसुली, शेवाळी हे सगळे रंग काकांनीच तिला शिकवले. काकू गेल्यावर काकांना बोलायला माणूस म्हणजे तीच.

दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नासाठी मी गडद निळी साडी घेऊन गेले. काकांनी फुटपाथवर नेलं, पदर आभाळाकडे धरला, आत येऊन एक तागा काढला. सुमन म्हणाली, "बाबा, हा काळा आहे."

दुकान बायकांनी भरलेलं. काका ताडकन म्हणाले, "चाळीस वर्षां रंग बघतंय मी. तू काल इलंस. तुका रंग कळत नाय. तू पिशव्या भर!"

सुमनने माझ्याकडे बघितलं. मला तो तागा काळाच दिसत होता, देवाशप्पथ. पण म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा, म्हणून मी म्हटलं, "काका म्हणतात तेच बरोबर असेल गं." लाज वाटते आता.

सुमन चपला घालून निघून गेली. पवईला एका ऑफिसात लागली. दुकानात पाऊल नाही, बापाला फोन नाही. माझ्याशीही कामापुरतंच. भाच्याच्या लग्नात माझ्या काळ्या ब्लाउजवरून नणंदेने टोमणा मारला तो वेगळाच.

गेल्या महिन्यात काका, आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात ते, काळा चष्मा लावून जिन्यात भेटले. मोतीबिंदू काढला होता, एका डोळ्याचा. कुणाला सांगितलं नाही, एकटेच जाऊन आले. आठवड्याने माझ्या दारात उभे. "ती निळी साडी नि ब्लाउज काढ."

खिडकीशी नेलं. एक डोळा झाकला, मग दुसरा. परत पहिला. किती वेळ तेच चाललं होतं.

"ह्या नव्या डोळ्यान साडी निळी नि ब्लाउज काळो. जुन्या डोळ्यान दोन्ही काळे." मटकन खुर्चीत बसले. "डोळ्याच्या आतली काच पिवळी पडलेली गो. निळ्या गड्याक उजेडच पोचत नव्हतो. आणि मी पोरीक म्हटलंय, तुका रंग कळत नाय."

"फोन करा ना मग!"

"सगळ्यांसमोर बोललंय. सांगूचा पण सगळ्यांसमोरच होया."

मीच सुमनला फोन लावला. "मला नाही यायचं," ती म्हणाली. म्हटलं, "ये ना यार. मीही खोटं बोलले होते, मलाही सांगायचंय."

शनिवारी संध्याकाळी दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. सुमन आली आणि दारातच थांबली. काका काउंटरमागून बाहेर आले, हातात तो काळा तागा. सगळ्या बायका बघायला लागल्या.

"ही माझी पोर. हिचे डोळे बरोबर होते. माझे चुकले."

"मलाही काळाच दिसला होता," मी घाईघाईने म्हटलं. कुणी माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

सुमन दारातूनच म्हणाली, "इतकी वर्षं कधी चूक कबूल केली नाहीत बाबा. आजच कशी?"

काकांनी तागा खाली ठेवला. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

"दुसऱ्या डोळ्याचा ऑपरेशन रवलाहा. तू येशील मा माझ्या वांगडा? गेल्या खेपेक एकटोच होतंय. भियालंय गो."

सुमनने पर्स काउंटरवर ठेवली. "तारीख सांगा. मी रजा टाकते."