परबकाकांचे रंधे

परबकाकांच्या उजव्या हातावर भरपूर केस आहेत आणि डाव्या हातावर एकही नाही. सोसायटीत नवीन राहायला आलेली माणसं काही दिवस आदबीनं गप्प बसतात, मग कुणीतरी हळूच मला विचारतं, "काकांना त्वचेचं काही आहे का हो?" काही नाही. काका रंध्याच्या पात्याला धार लावतात आणि ती नीट लागली का, हे डाव्या हातावर बघतात. साबणाशिवाय केस निघाले की धार पास. पावसाळ्यात आमच्या भांडुपमधली दारं फुगायला लागली की हा हात कोपरापर्यंत तुळतुळीत होतो. दिवाळीच्या सुमारास त्यावर पुन्हा थोडी पालवी फुटते.

काका सुतार नाहीत. त्यांनी उभा जन्म एका विमा कचेरीत फायली हलवण्यात काढला. सुतार होते त्यांचे वडील, गिरणीत. त्यांचा एक लाकडी रंधा काकांकडे आला, आणि त्याला एकट्याला करमेना म्हणून की काय, निवृत्तीनंतर काकांनी त्याला भावंडं आणली. आता पलंगाखाली वीसेक रंधे नांदतात. वडिलांचा तो हातभर लांब रंधा म्हणजे 'आजोबा'. मुठीत मावणारा 'पोर'. एक लोखंडी आहे, तो 'चिडको', कारण तो कधी लाकूड ओरबाडेल याचा नेम नाही.

काकांना "कसे आहात" वगैरे विचारता येत नाही. दारात आले की पहिला प्रश्न, "खंय घासता?" म्हणजे कुठे घासतं. हाच प्रश्न ते सर्दी झालेल्यालाही विचारतात. माझं जावेशी भांडण झालं तेव्हा मलाही विचारला. मी तासभर बोलले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वैशाली, खंय घासता ता आधी बघ गो. सगळीकडून तासूक गेलंस तर दारच रवाचा नाय." त्यांच्यापुढे रडायचीही सोय नाही.

आमच्या बाथरूमचं दार अडायला लागलं तेव्हा सकाळी ऑफिसच्या घाईत मी काकांना बोलावण्याची चूक केली. काका कॅरमची पावडर घेऊन आले. ती चौकटीला फासली, दार लावलं, उघडलं. दाराच्या कडेला जिथे पांढरं लागलं तिथेच घासतं, हा त्यांचा शोध. मग दार बिजागऱ्यांतून काढून हॉलमध्ये आडवं केलं आणि माझ्या सोफ्यावर रंधे मांडले. लग्नाचा शालू निवडावा तसे ते एकेक उचलून पाहू लागले.

"काका, कुठलाही घ्या ना. मला आंघोळ करायचीय."

"कुठलोय?" काकांचा चेहरा पडला. "अगो, पोर खळग्यात उतरता, वाकडा ता वाकडाच ठेवता. आजोबा उंचवट्यावरसून चलता. वाकडेपणा काढूचो तर मोठ्या माणसाकच धाडूक होया."

मोठं माणूस कामाला लागेपर्यंत मी शेजारच्या कांबळे वहिनींकडे आंघोळ उरकून आले होते. पण खोटं कशाला बोलू, ते दार आजही बोटानं ढकललं तरी लागतं. नंतर उत्साहाच्या भरात त्यांनी माझा पोळपाटही रंधला. तो इतका गुळगुळीत झाला की लाटताना पोळी घसरून ओट्यावर जाते.

काका कुणाकडेही गेले तरी काकी बरोबर असतात. काकींना गेली काही वर्षं विस्मरणाचा आजार आहे. त्या खुर्चीवर बसून रंध्यातून निघालेली लाकडाची सालपटं गोळा करतात, त्यांची वेणी घालतात आणि गजऱ्यासारखी केसांत माळतात. सागाच्या वासाची ही बाई मला फार आवडते. कधी कधी मात्र त्यांना वाटतं की मुलाची, महेशची शाळा सुटली, आणि त्या त्याला आणायला निघतात. महेश चाळिशीचा आहे आणि बंगळूरला असतो. दाराला वर, आईचा हात पोचणार नाही अशी कडी लावा, असं त्यानं कितीदा सांगितलं. काकांचं उत्तर ठरलेलं, "ती काय कोंबडी आसा? तिचा घर आसा ता."

आणि या माणसाच्या स्वतःच्या घराचं दार? सोसायटीतलं सगळ्यात भिकार! उघडलं की खाली लादीवर असं करकरायचं की समोर माझ्या घरात दाताला कळ यायची. "दिव्याखाली अंधार हो काका," मी टोमणा मारायचे. काका हसून म्हणायचे, "उद्या करतंय." तो उद्या काही उगवला नाही.

गेल्या पावसाळ्यात महेश आला होता. काका एक जुना रंधा बघायला शहरात गेले, तेवढ्यात महेशनं सुतार बोलावला. त्यानं विजेच्या मशीननं दाराची खालची कड दोन मिनिटांत उडवली. "बाबांना सरप्राइज!" महेश मला म्हणाला. मीही टाळ्या वाजवल्या. काका संध्याकाळी आले, त्यांनी दार ढकललं. ते लोण्यासारखं उघडलं. काकांनी न हसता ते पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं, मग म्हणाले, "झकास झाला रे." मला वाटलं, मशीनचा राग आलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी महेश गेला. दुपारी जेवून काका जरा आडवे झाले आणि उठून बघतात तो काकी घरात नाहीत.

बनियनवर, अनवाणी, काका जिने उतरत होते. मी त्या दिवशी रजेवर होते, मागून धावत होते. "माका ऐकूक येय नाय गो," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "दार वाजलाच नाय." तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. इतकी वर्षं मी ज्या करकरीला हसत होते, तिच्या भरवशावर हा माणूस दुपारी डोळे मिटत होता. "मग कालच का नाही सांगितलंत महेशला?" मी धापा टाकत विचारलं. "पोरान हौसेन केल्यान," काका म्हणाले. "तो गेलो की करूचा म्हटलंय."

काकी उताराखालच्या शाळेच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. केसांत सालपटांची वेणी. "अजून सुटाक नाय," त्या काकांना म्हणाल्या. माझ्या तोंडावर आलं होतं की चला आता घरी. काका शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मगे थांबूया." शाळा खरंच सुटेपर्यंत दोघं बसून राहिले. रस्त्यात मला रडू आवरेना.

घरी आल्यावर काकांनी ते दार उतरवलं आणि त्याच्या खालच्या कडेला सागाची एक पट्टी सरस लावून चिकटवली. एरवी सगळ्यांच्या दारांचं लाकूड काढणारा माणूस पहिल्यांदाच लाकूड चढवत होता. रात्री दाराच्या जागी स्वतःच अंथरूण टाकलं. दुसऱ्या दिवशी सरस वाळल्यावर रंधे मांडले. आजोबा बाजूला ठेवले, चिडकोकडे बघितलंही नाही. पोर घेतला. एक हात मारायचा, दार चढवायचं, आत जाऊन पलंगावर डोळे मिटून पडायचं आणि ओरडायचं, "वैशाली, उघड!" मी उघडत होते. "जास्त झाला. तिच्या हाताक जड जाईत." पुन्हा दार खाली. पुन्हा एक पातळ सालपट. मला ऑफिसला उशीर होत होता, पण त्या दिवशी मी पर्स खाली ठेवून पुढच्या हाकेची वाट बघत होते.

शेवटी त्यांनी काकींनाच बोलावलं. "उघड बघूया." काकींनी एका हातानं दार ओढलं. ते सहज आलं आणि आलं ते करकरत आलं. आत पलंगावर काकांनी डोळे मिटूनच मान डोलावली.

काकी मात्र कपाळाला आठी घालून दाराकडे बघत राहिल्या.

"अहो, ह्या दार घासता," त्या म्हणाल्या. "सगळ्यांची दारा करतास, आपला कधी करतलास?"

"उद्या करतंय गो," काका म्हणाले.

त्या रोज विचारतात. समोरच्या घरात मला रोज ऐकू येतं.