समुद्रवीर हनुमंतबाबांची कमान

मेलेल्या आजोबांकडून माणसाला काय काय मिळू शकतं, याचा हिशेब हौसरावांनी चहा निवायच्या आत मांडला होता. गावाच्या कमानीवर आपल्या घराण्याचं नाव. झेंडावंदनाला पुढची खुर्ची (प्लॅस्टिकची, पण हातांची). नात तेजश्रीच्या बायोडाट्यात ‘सैनिकी परंपरा’ ही ओळ. आणि जे कुठं लिहायचं नसतं ते, म्हणजे भावकीतल्या बबनरावांचं पडलेलं तोंड.

वरवंडच्या अलीकडं हायवेवरून आत वळलं की ती कमान लागते. बांधून झाली होती, नाव तेवढं राहिलं होतं. बबनरावांना तिथं आपले वडील हवे होते. ते सोसायटीचे चेअरमन होते आणि त्यांनी गावासाठी बरंच वेचलं होतं (काय वेचलं, हे ऑडिटरनंही विचारलं नाही). हौसरावांचे आजोबा हनुमंतबाबा पहिल्या महायुद्धाच्या वेळी पलटणीत भरती झाले होते. ग्रामसभेनं तोडगा काढला: पुढच्या सभेत शौर्याचा पुरावा आणा, नाहीतर चेअरमन.

शौर्य रक्तात असतं हे खरं. पण रक्ताची झेरॉक्स निघत नाही. ही अडचण ओळखून शिरूरला मोबाईलच्या दुकानावर ‘वीर पूर्वज संशोधन केंद्र’ निघालेलं आहे. संचालक सुदर्शन पूर्वी लोकांचे सातबारे काढून द्यायचा, आता आजोबा काढून देतो. त्याच्या पाहणीनुसार शिरूर-दौंड पट्ट्यात दर दहा घरांमागं अकरा शूर पूर्वज आहेत (अकराव्यावर दोन घरांत वाद आहे). त्यांतला एकही पलटणीत आचारी नव्हता. पलटणी जेवत कशा होत्या, यावर संशोधन चालू आहे.

सुदर्शन घरी आला. “आप्पा, जुनं पदक, बिल्ला, काय हाय का?”

“तसलं काय न्हाई बा. चांदीचं म्हंजी देव्हाऱ्यातले टाक तेवढे.”

सुदर्शननं टाक बघितले. देवी होती, भैरोबा होता, आणि एक गोल होता. वर मुकुट, कडेनं झिजलेली अक्षरं.

“ह्यो कोण?”

“खंडोबा,” हौसरावांच्या आई सारजाबाई म्हणाल्या. नव्वदी गाठलेली ही बाई हनुमंतबाबांची सून. “सगळ्या भावकीचा. नवं जोडपं ह्याच्याम्होरंच जागरण घालतंय.”

“आजी, ह्याच्यावर इंग्रजी हाय.”

“असंल. देवाला काय येत न्हाई व्हय?”

देव उचलायला देवाचीच परवानगी लागते, म्हणून फुलं चिकटवून कौल लावला. दोनदा देवानं नाही म्हटलं. तिसऱ्यांदा पंखा लावला, मग हो म्हटलं. गोल टाक उलटा केला, तर तो बिल्लाच निघाला. पुढची बाजू शंभर वर्षं चिंच लावून घासलेली. पण देवाची पाठ कुणी घासत नाही, त्यामुळं मागचा नंबर लख्ख होता.

सुदर्शननं खुलासा केला: जखम किंवा आजारपणामुळं लष्करातून घरी पाठवलेल्यांना असा बिल्ला मिळायचा, कारण लोक त्यांना पळपुटे म्हणायचे. हौसरावांनी यातला ‘जखम’ हा शब्द घेतला आणि बाकीचं वाक्य सोडून दिलं. नंबरावरून नोंद सापडल्यावर सुदर्शन दोनदा काहीतरी सांगायला आला.

“आता बोलू नको,” हौसराव म्हणाले. “टेंडरवानी सभेतच फोडायचं.”

सभेत पाकीट फुटलं. सुदर्शननं खाली बघत वाचलं. हनुमंत, खेचरांची तुकडी. जहाज लागल्यामुळं सतत वांत्या. सेवेस कायमचा अपात्र.

“कुठल्या समुद्रात म्हणायचा?” बबनरावांनी अत्यंत आदरानं विचारलं.

“निघालंच नव्हतं, मामा. मुंबईला धक्क्यालाच बांधलेलं हुतं.”

बाबा युद्धाबद्दल जन्मभर चकार शब्द का बोलले नाहीत, हे तेव्हा गावाला कळलं. तोवर गाव त्याला विनय समजत होतं. बबनराव हसून हसून खुर्चीवरून घसरले.

“म्हंजी ह्यो वांतीचा बिल्ला!”

“व्हय की,” सारजाबाई म्हणाल्या. “आन् बबन, तुझ्या लग्नाचं जागरण कुणाम्होरं झालं रं? तुझा बाप चेअरमन झाला तवा भंडारा कुणावर उधळला?”

प्रत्येकजण आपापलं लग्न आठवू लागला. (आठवताना काहींच्या चेहऱ्यावर आशा दिसली, पण बायका शेजारीच होत्या.) बिल्ला वांतीचा ठरला तर भावकीतली शंभर वर्षांची लग्नं वांतीच्या साक्षीनं लागली, आणि बिल्ला खरा ठरवायचा तर नोंद खोटी ठरवावी लागते. दोन्हींत नोंद लांब होती आणि बायका जवळ.

ठराव बबनरावांनीच मांडला. अनुमोदन हौसराव.

“पण मामा, रेकॉर्ड...” सुदर्शन म्हणाला.

“रेकॉर्ड कुणी लिवलं?” बबनराव म्हणाले. “सायबानं. सायेब आपल्याला भ्यायचा का न्हाई? मग भिऊन लिवलंय त्यानं.”

हनुमंतबाबांनी भर समुद्रात शत्रूचं जहाज बुडवल्याचं एकमतानं मंजूर झालं. कोणत्या शत्रूचं, ते यथावकाश ठरेल.

आता जमाखर्च. हौसरावांना कमान मिळाली. बबनरावांचं लग्न वैध राहिलं. सुदर्शनकडं आमच्याच गावातून नवी गिऱ्हाईकं गेली. सगळ्यांची अट एकच, आधी आम्हाला विचारायचं, मग शोधायचं. बिल्ला कमानीवर बसवला, मुकुट बाहेर, नंबराची पाठ सिमेंटात. देव्हाऱ्यात दौंडच्या सोनाराकडचा कोरा खंडोबा आला. सारजाबाई त्याला अजून ‘पाव्हणा’ म्हणतात.

भरपाई केली ती एकट्या हनुमंतबाबांनी. जी लढाई त्यांनी मुंबईच्या धक्क्यावरच शहाणपणानं चुकवली होती, ती आता हायवेकडं तोंड करून, ट्रकचा धूर खात, रोज लढावी लागते.

तुम्ही हसताय, हसा. फक्त आपल्या देव्हाऱ्यातला टाक एकदा उलटा करून बघा. नाही बघणार? वाटलंच. ठराव एकमतानं झाला म्हटलं, त्यात तुमचा हात आम्ही तेव्हाच मोजला होता.