पेडल हाय, ऑइल नाही

जब्बारभाई रोज सकाळी लोखंडी सळाख घेऊन निघतो आणि सोसायटीत उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या चाकावर एक ठोका देतो. मग मान वाकडी करून आवाज ऐकतो. "मागच्यात हवा कमी हाय," असं मालकाच्या बंद दाराले सांगतो आणि पुढे सरकतो. सारी उमर पांढरकवड्याच्या हायवेवर ट्रक दुरुस्त करण्यात गेली त्याची. गॅरेज सुटलं, सळाख नाही सुटली.

आमच्या फाटकावर पाटी आहे. आतल्या रस्त्यावर गाड्या लावू नये. पाटी अध्यक्ष सरांनीच लावून घेतली, आणि पाटीच्या आत पहिली गाडी लावली ती त्यांच्याच जावयानं. मग काय, सगळेच लावायला लागले. शेवटच्या घरापर्यंत सायकल नेणं मुश्किल. त्या घरात जब्बारभाई आणि हमीदाभाभी राहतात. भाभीच्या पायातलं बळ गेल्यापासून ती खिडकीतच दिसते. घरात गाडी नाही. तरी रस्ता मोकळा पाहिजे म्हणून भांडणारा हाच.

आधी तोंडानं सांगून पाह्यलं. मग कमिटीले अर्ज दिला. कमिटीनं अर्जही ठेवून घेतला आणि गाड्याही जागच्या जागी ठेवल्या. "नियमाच्या ब्रेकले पेडल हाय, ऑइल नाही," जब्बारभाई म्हणे. "दाबा किती बी."

मी म्हटलं, "हवा काढून टाक ना. दोन दिवसांत सरळ होतील."

मशिदीत चोरी करायले सांगितल्यावानी त्यानं माझ्याकडे पाह्यलं. "दादा, चाकात हवा भरून पोट भरलं म्या. काढू कोणत्या हातानं?"

मग तो निबंधकाच्या ऑफिसात जाऊन विचारून आला. पाचव्या हिश्श्याएवढ्या सभासदांनी सह्या केल्या तर कमिटीले खास सभा घ्यावीच लागते. नाही घेतली तर निबंधक घ्यायले लावतो. झालं, कागद घेऊन हा दारोदार फिरला. माझ्याकडे आला तेव्हा मी सांगून टाकलं, मी चौथी शिकलो, पण पुरतं वाचल्याशिवाय सही करत नाही. मी अक्षर अक्षर लावत बसलो. तो माझ्या ओट्यावर बसून चहा पीत राह्यला.

सभेत अध्यक्ष सर म्हणाले, "जब्बारभाई, तुमच्याकडे साधी सायकल नाही. तुम्हाला रस्ता हवा कशाला?"

लोक हसले. जब्बारभाईनं सळाख भिंतीले टेकवली. "पाटीवर कोणाच्या गाडीचं नाव हाय का, सर?"

मग माझ्यानं राहवलं नाही. मी उभा झालो. "चौथीवाल्याले पाटी वाचता येते. ज्यानं लावली त्याले येत नाही काय?"

रस्त्यावर गाडी दिसली की दंड, असं ठरलं. जावयानंही हात वर केला, सासऱ्याकडे न पाहता.

गाड्या हटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ठोके ऐकू आले नाहीत म्हणून मी बाहेर गेलो. जब्बारभाई एका ऑटोवाल्याले उलटं यायले सांगून राह्यला होता, ट्रक मागे घेतात तसा हात हलवत. "आन दे, आन दे. अजून वीतभर. बस." मागचं चाक त्याच्या घराच्या ओट्याले टेकलं. त्यानं भाभीले दोन्ही हातांवर उचलून आणलं, सीटवर बसवलं, पायाखाली उशी सरकवली. केळापूरले बहिणीकडे निघाली होती ती.

मी विचारलं, "हे सभेत काहून नाही सांगितलं? एका मिनिटात मोकळा झाला असता रस्ता."

"मग तो हमीदासाठी झाला असता, दादा. लोकांनी दया केली असती. दया किती दिवस टिकते? उद्या तुमचे गुडघे गेले तर तुम्ही सभेत रडून दाखवाल काय?"

मी आणि रडून दाखवणार.

"चाक देखा क्या?" भाभीनं आतून विचारलं.

सळाख घरातच राह्यली होती. जब्बारभाई वाकला, चाकावर तळहातानंच एक थाप दिली, मान वाकडी करून ऐकलं आणि भाभीजवळ जाऊन बसला. ऑटो फाटकापर्यंत कुठंच न थांबता गेला.