सगुणाचं बारसं

नाव शोधण्यात आपला हात कुणी धरून दाखवावा! लोणावळ्यात रिसॉर्टच्या रिसेप्शनला असल्यामुळे पोराटोरांची नावं दिवसभर कानावर आदळतात. कियांश, रियांश, वियांश! एक आई हाक मारते आणि पोहण्याच्या तलावातून चार पोरं बाहेर येतात! म्हणून आमच्या लेकीसाठी मी जुनं पण ताजं नाव हुडकलं : सगुणा! म्हणजे गुणांची. तोंडात गोड बसतं, आणि अख्ख्या शाळेत दुसरी सापडायची नाही. बायकोला, माधवीला, 'कियांशी' हवं होतं. मी म्हटलं, "बारशाला लोकांची तोंडं बघ नुसती!"

बघितली की!

कामशेतच्या हॉलमध्ये माझ्या बहिणीनं, चैतालीनं, पाळण्यात वाकून कुर्र्र केलं आणि खणखणीत आवाजात नाव सांगितलं. टाळ्या नाहीत. आईनं पदर डोळ्यांना लावला.

"कवा गेली रं?"

"कोण?"

"सुदुंबऱ्याची थोरली आई! सगुणा तिचंच न्हवं का नाव?"

ही माझ्या आजोबांची भावजय. सगळं खानदान तिला थोरली आई म्हणतं. तिला दुसरं नाव असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! आणि आमच्यात माणूस गेल्याशिवाय त्याचं नाव पोराला ठेवत नाहीत.

"अगं, ती ठणठणीत असेल!" मी म्हणालो.

"असंल म्हंजी? तुला नक्की ठावं न्हाई!" बजरंगकाका गरजले. "तिच्या नातवाला लाव फोन!"

नातू निलेश कंपनीत पाळीवर. तिथं फोन कपाटात ठेवावा लागतो. उचलणार कोण?

"उचलत न्हाई! म्हंजी मयताच्या तयारीच्या गडबडीत हाय. चला!"

"अहो काका, नाव मी इंटरनेटवरून काढलंय!"

"अरारा! इंटरनेटवर पन आली व्हय बातमी?"

त्यांनी लगेच घरच्या ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजली टाकली. फोटो कुणाच्या तरी लग्नातला, थोरल्या आईच्या तोंडात अर्धी जिलेबी! घुगऱ्या पातेल्यात राहिल्या, बायका टेम्पोत चढल्या, आणि मी पाळण्यातली पोर उचलून गाडीकडे धावलो.

वाटेत माधवीनं मला बजावलं, "थोरल्या आईंनी नको म्हटलं, तर आजच्या आज कियांशी!"

मी गाडीचा वेग जरा कमीच केला!

सुदुंबऱ्यात थोरली आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. टेम्पो थांबला, बायकांनी उतरता उतरताच हंबरडा फोडला.

"कोन गेलं गं बाई?" म्हणत थोरल्या आईनंही सूर लावला!

"तुमीच!" सगळ्या एका दमात म्हणाल्या.

खुलासा होईपर्यंत बराच लसूण तुडवला गेला. मग थोरल्या आईनं माझा कान धरला आणि पोरीसकट मला आत नेलं.

"मी जित्ती असताना माजं नाव वाटून मोकळा झालास?"

मी पायच धरले. "थोरले आई, एवढं नाव राहू दे गं! फार हौसेनं ठेवलंय." आणि खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

तिनं पोरीकडे बघितलं. पोर हसली. म्हातारी विरघळली.

"ऱ्हाऊ दे. तसंबी ते माजं न्हाईच."

"म्हणजे?"

"माजं म्हायेरचं नाव अंजिरा. माजं लगीन झालं त्या साली सासूची लाडकी म्हस मेली. सगुणा! सासूला घास ग्वाड लागंना. मी उंबरा वलांडला, तिनं त्येच नाव मला ठिवलं. गेलेल्याचंच ठिवत्यात न्हवं आपल्यात?"

मी घाम पुसत बाहेर आलो. टेम्पोभर माणसं माझ्याकडे बघत होती, आणि सगळ्यांच्या पुढे माधवी!

"काय म्हणाल्या?"

"ठेव म्हणाली. आपल्या घराण्यात फार जुनं नाव आहे म्हणे. आणि ती पहिली सगुणा... स्वभावानं अगदी गरीब गाय होती!"