चोवीस इंची गिटार सहकारी संस्था मर्यादित

मिरजेत गिटार बनवली की ती आपोआप सहकारी संस्था होते, आणि तिच्या सुट्या भागांनी अध्यक्ष निवडल्याशिवाय तिला एकही तार लावता येत नाही. सतारीला आणि तंबोऱ्याला ही अट नाही. त्यांच्याकडे घराणी आहेत.

भरतेश मगदूमला हे चांगलं ठाऊक होतं, पण भाग निवडताना तो साफ विसरला. हौसेपुढे माणसाला दुसरं काही दिसत नाही म्हणतात ते उगीच नाही. भरतेश एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. उंची बेताची आणि हात उंचीला साजेसे. त्याची जुनी गिटार लांब दांडीची, त्यामुळे टोकाच्या पडद्यापर्यंत हात ताणून ताणून त्याचा डावा खांदा कामातून गेला होता. ऑर्केस्ट्राचे मालक उदयराव यांना त्याने एकदा सांगूनही पाहिलं, की गिटार जरा लांब पडते.

"नाचता येईना, अंगण वाकडं," उदयराव म्हणाले. "जयसिंगपूरच्या कार्यक्रमाला बेतशीर गिटार घेऊन ये. न्हाईतर आपल्या कीबोर्डात गिटारचं बटण हाय, ते दाबू."

ते बटण भरतेशने पाहिलं होतं. बासरी आणि सनईच्या मध्ये, करड्या रंगाचं. एवढ्याशा बटणाची आपल्याला धास्ती वाटावी याची त्याला लाज वाटे, पण धास्ती काही कमी होत नसे.

म्हणून त्याने आखूड गिटार करायला घेतली. मिरजेत गिटारलाही सतारीचेच शब्द लावतात: बोटं फिरतात ती दांडी, तिच्यावर आडव्या ठोकलेल्या पट्ट्या ते पडदे, तारा ताणतात त्या खुंट्या, दांडीच्या टोकाला तारा टेकतात तो मेरू आणि खालच्या अंगाला टेकतात ती घोडी. मेरूपासून घोडीपर्यंतचं अंतर साध्या गिटारमध्ये साडेपंचवीस इंच असतं. भरतेशला चोवीस हवं होतं. त्याने तुणीच्या लाकडाचं धड घेतलं, चोवीस इंचाची नवी दांडी घेतली, पुण्याहून तारांचा आवाज उचलणारा पिकअप मागवला, एकाच डब्यातल्या सहा खुंट्या घेतल्या. घोडी मात्र त्याने आपल्या जुन्या गिटारची काढून आणली, कारण ती अनुभवी होती. हे सगळं पिशवीत घालून तो याकूबभाईंच्या दुकानात गेला. याकूबभाईंच्या तीन पिढ्या वाद्यं जोडण्यात गेल्या होत्या.

त्यांनी एकेक भाग सतरंजीवर मांडला आणि घोडीपाशी थांबले.

"ही साडेपंचवीसवाली की रे."

"चांगली हाय, याकूबभाई."

"एकेकटी सगळीच चांगली आसत्यात. एका संस्थेत आली की कळतंय. आणि ह्या सहा खुंट्या एकाच घरातल्या? भरतेश, तू गिटार करायलायस का गावकी?"

तोवर निवडणूक अधिकारी कुंभोजकर मॅडम आल्याच. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची सावलीत ओढली आणि मतदार कोण ते जाहीर केलं. पडदे दांडीवर अवलंबून, म्हणून त्यांना मत नाही. तारा हंगामी, म्हणून त्यांनाही नाही.

"आणि मी?" भरतेशने विचारलं.

"तुम्ही वाजवणारे. लाभार्थी," मॅडम म्हणाल्या. "लाभार्थ्यांनी कृपया सतरंजीवर पाय देऊ नये."

अध्यक्षपदाला दोनच अर्ज आले, दांडीचा आणि घोडीचा. दांडी म्हणाली, अंतर चोवीस. घोडी म्हणाली, आम्ही आयुष्यभर साडेपंचवीसावर उभ्या राहिलो, दीड इंच पुढे सरकायला आम्ही काय बाजारातली भाजीची पाटी आहोत? वाद सरळ होता, पण परिणाम वाईट होता. दांडीवरचे पडदे चोवीसच्या हिशोबाने ठोकलेले. घोडी दीड इंच मागे बसली तर एकही सूर जागेवर पडणार नाही. आणि अध्यक्षाचं म्हणणं बंधनकारक असतं. बेसूर गिटारपेक्षा करडं बटण बरं, हे उदयरावांना सांगायला कोणाची गरज नव्हती.

मतदानाच्या आदल्या दिवशी भरतेश दुकानात आला तर सतरंजीवर खुंट्या नव्हत्या.

"मालवणला गेल्या," याकूबभाई म्हणाले. "घोडीनं सहलीला धाडल्या. उद्या थेट मतदानालाच आणणार."

"सहाच्या सहा?"

"फोडायला एकबी ठेवली न्हाई."

सहा खुंट्या आणि स्वतः घोडी, म्हणजे सात मतं झाली. दांडीच्या बाजूला ती स्वतः, धड, मेरू, पिकअप आणि आवाजाची दोन बटणं धरून सहाच भरत होती. राहता राहिला वायर खोचायचा जॅक. भरतेशने त्याच्यापुढे हात जोडले.

"आपण बाहेरच्यांशी बोलतो," जॅक म्हणाला. "आतल्या भानगडीत पडत नाही."

याकूबभाईंनी फळीवरून एक नवी घोडी काढली. वेष्टनातली, चकचकीत, कसलंच मत नसलेली.

"अर्ज माघारी घ्यायची मुदत तीनपर्यंत. तवर जुनीला काढून टाक आणि हिला सभासद कर. मॅडम हितंच हायत."

कायद्यात बसत होतं. भरतेशने जुनी घोडी उचलली. तिची एक कड त्याच्या उजव्या तळव्याने झिजून गुळगुळीत झाली होती. अठरा वर्षं तो हात तिथेच टेकला होता.  भरतेश तिला घेऊन दुकानाच्या पायरीवर बसला.

"टाक की काढून," घोडी म्हणाली. "तुला आता आम्ही लांब वाटाय लागलो."

"खांदा दुखतोय माझा."

"कवापासनं?"

"पाच-सहा वर्षं झाली."

"एकदा तरी कुरकुरलास काय?"

"स्टेजवर चारचौघांत काय कुरकुरायचं? कळ आली की मी हसायचो."

 समोरून एक टेम्पो तबल्याची खोडं घेऊन गेला.

"ते हसणं म्हणजे कळ व्हती?"

"व्हय."

"आमाला वाटायचं, गाणं रंगलंय."

 भरतेशने शर्टाच्या टोकाने तिची कड पुसली. आत कुंभोजकर मॅडमनी तीनला थोडाच वेळ उरल्याची सूचना दिली.

घोडीने अर्ज मागे घेतला. मात्र तिच्या दोन अटी होत्या आणि त्या तिने मॅडमसमोर सांगितल्या. अंतर कमी झालं की तारा सैल पडतात. सैल तारांखाली आम्ही उभ्या राहणार नाही, तेव्हा जाड तारा लावाव्यात. ही अट दांडीने लगेच मान्य केली. दुसरी अट अशी, की भरतेशच्या डाव्या खांद्याला सभासद करून घ्यावं. ज्याला दुखतं त्याला मत पाहिजे.

मॅडमनी नियम उघडले. "वाद्याचा भार वाहणारा कोणताही भाग सभासद होऊ शकतो," त्या म्हणाल्या. "पट्टा कोणत्या खांद्यावर येतो?"

"डाव्याच."

"खांदा हजर आहे?"

"हाय," भरतेश म्हणाला आणि त्याने खांदा पुढे केला. मॅडमनी तो नीट पाहिला, ओळख पटल्याचं सांगितलं आणि दांडी बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर केलं. याकूबभाईंनी दांडीला नारळ दिला.

खुंट्या दुसऱ्या दिवशी परतल्या त्या फणफणतच. आपल्याला कोणी कळवलं कसं नाही, असं त्यांचं म्हणणं. खाऱ्या वाऱ्याने त्या थोड्या गंजल्याही होत्या. याकूबभाईंनी त्यांना तेल दिलं आणि दरवर्षी सहल देण्याचं कबूल केलं, तेव्हा कुठे त्या फिरल्या.

जयसिंगपूरला गर्दी चांगली होती. भरतेश उभा राहिला, टोकाच्या पडद्यापर्यंत त्याचा हात न ताणता पोचला, आणि सूर जागच्या जागी पडले. कीबोर्डवाला करड्या बटणावर बोट ठेवून होता, ते उदयरावांनी खुणेनेच उचलायला लावलं. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर भरतेश हसला.

"कळ आली काय रं?" त्याच्या तळव्याखालून घोडीने हळूच विचारलं.

"न्हाई," भरतेश म्हणाला. "गाणं रंगलंय."

पुढच्या वर्षी ठरल्याप्रमाणे खुंट्या मालवणला निघाल्या, तेव्हा सभासद या नात्याने डावा खांदाही त्यांच्याबरोबर गेला. भरतेश जेवतो उजव्या हाताने, त्यामुळे त्याची फारशी गैरसोय झाली नाही.