निष्ठुर सेवेचं मानपत्र

मानपत्र आण्णांच्या हातात पडायला दहा मिनिटं उरली होती. टेबलावरची फ्रेम वाचून शाळेच्या अनुजा बाईंनी कारकून बाळासोला घाईघाईने मंडपाबाहेर बोलावलं.

"बाळासो, निष्ठुर म्हंजे काय, ठाऊक हाय न्हवं?"

"हाय की! निष्ठा असणारा. चतुर असतो, तसा निष्ठुर."

"अवो, निष्ठुर म्हंजे दयामाया नसलेला माणूस!"

उचगावच्या दूध संस्थेत बाळासो अकरा वर्षं हंगामीच होता. चेअरमन सयाजी आण्णा आज निवृत्त होत होते आणि जाता जाता त्याला कायम करायच्या कागदावर सही करणार होते. म्हणून तर त्याने मुद्दाम भारदस्त शब्द निवडला होता. 'संस्थेचे निष्ठुर सेवक' ही ओळ छापखान्यातून खास लाल अक्षरांत आली होती. वर काच बसवलेली, त्यामुळे खोडायचीही सोय नव्हती.

माइकवर त्याने बेधडक 'निष्ठावान' असं वाचलं आणि घाम पुसला. पण आण्णा पडले चिकित्सक. त्यांनी चष्मा लावला आणि लाल ओळीवर बोट ठेवलं.

"हितं येगळं लिवलंय. निष्ठुर. कुणाचा शब्द ह्यो?"

बाळासो एक पाऊल पुढे आला.

"म... माझा, आण्णा."

आण्णांनी माइक ओढून घेतला. बाळासोने डोळे मिटले. अकरा वर्षं पाण्यात गेली होती.

"मंडळी, बरोबर लिवलंय गड्यानं! निष्ठावान काय, कुणीबी असतंय. निष्ठुर त्याच्या वरची पायरी. पाच मिन्टं उशिरा आलेलं दूध मी कधी घेतलं न्हाय. मग घरात म्हस आजारी असू दे, न्हायतर सून बाळंत झालेली. जल्मभर निष्ठुर ऱ्हायलो, तुमीबी ऱ्हावा!"

ज्यांचं ज्यांचं दूध परत गेलं होतं, त्या सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. इतक्या मनापासून टाळ्या आण्णांना कधीच मिळाल्या नव्हत्या. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे सही ठोकली.

कागद खिशात कोंबून बाळासो मागच्या दाराने सटकत होता, तोच आण्णांच्या पत्नी शालनकाकू फ्रेम घेऊन आडव्या आल्या.

"मी सातवी शिकलीया, बाळासो. अर्थ ठाऊक हाय मला."

बाळासोने हात जोडले. "काकू, चुकलं माझं. उद्याच नवीन छापून आणतो."

"खबरदार एक अक्षर बदललंस तर!" फ्रेम पदराने पुसत काकू म्हणाल्या. "चाळीस वर्सं ह्योच शब्द हुडकत हुते मी."